सगळ्यांना खेळता येतील असे प्रवासाचे पत्ते: जुना संच नव्याने कसा करावा

नांदेडहून तपोवन एक्सप्रेस सुटली, की पूर्णा यायच्या आत आमच्याकडे पत्ते निघतात. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू हे तर आहेतच, पण लाडका खेळ म्हणजे आमचा घरचा 'आठ जिल्हे'. मराठवाड्याचे आठ जिल्हे, प्रत्येकाचे सहा पत्ते, एकूण ४८. "परभणीचा चार आहे का?" असं एकमेकांकडे मागत जायचं. असला तर समोरच्याने मुकाट द्यायचा, नसला तर मधल्या गठ्ठ्यातून एक उचलायचा. सहाच्या सहा जमले, की जिल्हा खाली मांडायचा.

हा संच मी आणि माझ्या मामेबहिणीने हौसेने केला होता. रंगीत फोटो, वेलबुट्टीची चौकट, कोपऱ्यात नाजूक आकडा. पहिल्याच प्रवासात आत्याने दोन डाव कसेबसे काढले आणि पत्ते मांडीवर पालथे ठेवले. "मला काही दिसंना माय, खेळा तुम्ही. मी बघते की." भाचा लाल बीड आणि हिरवं नांदेड एकाच जिल्ह्यात मांडत होता, आणि सगळे त्याला 'लक्ष कुठंय' म्हणून रागवत होते. शेजारचे काका लहानपणापासून अंध आहेत. ते खिडकीशी बसून नुसता आमचा आरडाओरडा ऐकत होते. सात जणांतले तिघे बाहेर. माझ्या मनाला ते फार लागलं.

मग तो संच आम्ही नव्याने केला. तीनदा छापला, दोनदा चुकला. त्यातून जे कळलं ते पायरीपायरीने सांगते. तुमचा खेळ वेगळा असेल, साधे इस्पिक-बदाम-किलवर-चौकट असतील, तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्या. म्हाताऱ्यांसाठी एक, अंधांसाठी दुसरा, लेकरांसाठी तिसरा असे वेगळे संच करू नका. वेगळा संच कपाटात पडून राहतो. पिशवीत जातो तो एकच. त्या एकातच सगळ्यांची सोय बसवायची.

पायरी १: एक डाव न खेळता बघा

वही घ्या आणि एक डाव फक्त बघत बसा. कोण पत्ता डोळ्यांजवळ नेतो, कोण खिडकीकडे तिरका धरतो, कुणाच्या हातून निसटतो, कोण दुसऱ्याला "हा काय आहे गं?" असं हळूच विचारतो, ते लिहून काढा. मदत करू नका, सुचवू नका.

आणि "दिसतंय ना?" असं कधीच विचारू नका. आपली मोठी माणसं समोरच्याचं मन राखायला "हो, हो, दिसतंय की" म्हणतात. त्याऐवजी पत्ता समोर धरा आणि विचारा, "हा कुठला?" उत्तर बरोबर आलं तर दिसतंय. आत्याला मी सहा पत्ते असे दाखवले, त्यातले चार चुकले. पहिल्या डावात मात्र तिने एकदाही तक्रार केली नव्हती.

पायरी २: पत्त्यावरची गर्दी काढा

हातातल्या पत्त्याने खेळणाऱ्याला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: जिल्हा कोणता आणि आकडा किती. बाकी सगळं त्या दोन गोष्टींच्या आड येत असेल, तर ते काढायचं.

आमच्या वेरूळच्या पत्त्यावर काय काय होतं पाहा: कैलास लेण्याचा फोटो, त्यावर 'एकूण ३४ लेणी', 'कैलास हे १६ क्रमांकाचं लेणं', '१९८३ साली अजिंठ्यासह जागतिक वारसा यादीत', आणि हे सगळं फोटोवरच पांढऱ्या बारीक अक्षरांत. माहिती टाकून देववत नव्हती. म्हणून ती आम्ही वेगळ्या छोट्या पुस्तिकेत नेली आणि खेळात एक नियम वाढवला: जिल्हा पूर्ण झाला, की त्याची माहिती कुणीतरी मोठ्याने वाचायची. आता लातूर जमलं की गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांची गोष्ट डबाभर ऐकू जाते, आणि वाचता न येणाऱ्यालाही ती मिळते.

पायरी ३: कोपरे

सगळा खेळ कोपऱ्यात आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

साधारण पत्ता ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असतो. तो बदलू नका. मोठा केला तर लहान मुलांच्या आणि आखडलेल्या बोटांच्या हातात मावत नाही. पण सात पत्ते पंख्यासारखे पसरले, की प्रत्येकाची जेमतेम बोटभर पट्टी दिसते. त्या पट्टीत जे मावेल तेवढंच खेळणाऱ्याला दिसतं. मधला सुंदर फोटो झाकलेलाच राहतो. तेव्हा डाव्या कडेला १६ मिलिमीटरची पट्टी आखा आणि तिच्यात वर आकडा, खाली जिल्ह्याचं चिन्ह, त्याखाली जिल्ह्याचं एक अक्षर, असं मांडा. आकडा १४ मिलिमीटर उंच. पॉइंटवर, म्हणजे संगणकातल्या अक्षराच्या मापावर, विसंबू नका. वेगवेगळ्या फॉन्टांत तोच पॉइंट लहानमोठा दिसतो. छापून फूटपट्टी लावा.

नेहमीच्या पत्त्यांत खूण वर डावीकडे आणि तिरकस खाली उजवीकडे, अशी दोनच कोपऱ्यांत असते. डावखुरा माणूस पंखा उलट्या दिशेने उघडतो, आणि त्याच्यासमोर पत्त्यांचे कोरे कोपरे येतात. माझी मामेबहीण डावखुरी आहे; तिने आयुष्यभर रमी अशीच अडखळत खेळली आणि तिला वाटायचं, आपल्यालाच पत्ते धरता येत नाहीत. चारही कोपऱ्यांत खूण द्या, म्हणजेच उजव्या कडेलाही तशीच पट्टी.

आता आपल्या देवनागरी आकड्यांचं. ३ उलटा धरला, की घाईत ६ वाटतो. १ आणि ९ ची गोलाई बारीक छापली तर एकमेकांत मिसळते. आमचे आकडे १ ते ६ असल्यामुळे ३ आणि ६ ची भांडणं रोज व्हायची. उपाय साधा आहे: प्रत्येक आकड्याच्या पायाशी जाड आडवी रेघ. रेघ खाली आली म्हणजे आकडा सुलटा. शिवाय आकड्याशेजारी तेवढेच जाड ठिपके दिले. चार वर्षांची पुतणी आकडे ओळखत नाही, ती ठिपके मोजते.

फॉन्ट साधा, जाड आणि एकसारख्या जाडीचा हवा. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही फुकट मिळतात आणि त्यांच्या जाड छटा पत्त्यांवर चांगल्या उमटतात. वळणदार, लग्नपत्रिकेचे फॉन्ट नकोत. त्यांच्यात ध आणि घ, भ आणि म, ब आणि व जवळ जवळ येतात.

पायरी ४: चिन्हं

प्रत्येक जिल्ह्याला एक आकृती हवी, तीही अशी, की आठ मिलिमीटर उंचीची नुसती काळी सावली पाहिली तरी ओळखता यावी. आमची यादी बऱ्याच वादावादीनंतर अशी ठरली: छत्रपती संभाजीनगरला लेण्याची कमान, जालन्याला मोसंबीची फोड, परभणीला ज्वारीचं कणीस ('परभणी मोती' हे ज्वारीचं वाण तिथल्या कृषी विद्यापीठाचं), हिंगोलीला औंढ्याच्या देवळाचं शिखर, नांदेडला गोदावरीच्या तीन लाटा, लातूरला गंजगोलाई, धाराशिवला तुळजाभवानीची कवडी आणि बीडला कुंडातल्या कंकालेश्वरासाठी चौकोनात चौकोन.

पहिल्या खेपेला जालन्याची अख्खी मोसंबी आणि लातूरची गोलाई, दोन्ही गोलच होते. झाला घोळ. मोसंबीची अर्धी फोड केली आणि गोलाईला भोवती टोकं काढली, मग जमलं. कवडीला भाचा डोळा म्हणतो. म्हणू दे, ओळखतो ना. चिन्हाचं काम तेवढंच. उलट चिन्हांचा मोठा फायदा असा, की मराठी न वाचणाऱ्यांनाही खेळता येतं. देगलूरकडे तेलुगू, उमरग्याकडे कानडी, आणि सगळीकडेच दखनी-उर्दू बोलणारे सहप्रवासी डब्यात भेटतात. कणीस सगळ्यांना कळतं.

पायरी ५: रंग शेवटी, आणि झेरॉक्सची परीक्षा

लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे बहुतेक जन्मजात असतं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ते पुरुषांत जास्त आढळतं. भाच्याचं लक्ष नव्हतं असं नाही. त्याला ते दोन रंग सारखेच दिसत होते. वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, तेव्हा गडद निळा आणि काळा हेही एक होतात. मोतीबिंदूत उजेड फाकतो, त्यामुळे चकचकीत पत्त्यावर नुसती चमकच दिसते.

म्हणून नियम असा: रंग ठेवा, पण रंगावर काहीही अवलंबून ठेवू नका. रंग काढून टाकला तरी खेळ चालला पाहिजे. याची परीक्षा गावातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात होते. संचाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, कापा आणि त्याच पत्त्यांवर एक अख्खा डाव खेळा. आमचा जुना संच पहिल्या मिनिटात नापास झाला; नव्या संचाचा डाव शेवटपर्यंत गेला.

अक्षर पार्श्वभूमीवर किती उठून दिसतं, याचंही एक माप आहे. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ असावं, मोठ्या अक्षरांत किमान ३. पांढऱ्यावर काळ्याचं ते २१ येतं. पांढऱ्यावर शुद्ध लाल चारच्या आसपास, आणि पांढऱ्यावर शुद्ध पिवळं तर १.०७, म्हणजे असून नसल्यासारखं. हे मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. पत्ता हलत्या गाडीत, पिवळट दिव्याखाली वाचायचा आहे हे धरून मी तरी सातच्या खाली जात नाही. आमचे आकडे आणि चिन्हं सगळीकडे काळी. रंग फक्त मधल्या चित्रात.

पायरी ६: बोटांना कळेल असं

काकांना ब्रेल येतं, म्हणून आम्ही भारती ब्रेल वापरलं. मराठीसह भारतातल्या भाषा त्यातच लिहितात. एका घरात सहा ठिपक्यांची जागा: डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६. पत्त्यावर जिल्ह्याचं पहिलं अक्षर आणि मग आकडा, एवढी दोनच घरं पुरतात. आकड्याआधी एरवी अंकचिन्ह लागतं. पण पहिलं घर अक्षराचं आणि दुसरं आकड्याचं हा क्रम पक्का असला, की ते गाळता येतं. क्रम मात्र कधीच मोडू नका, कारण ब आणि २ यांचे ठिपके एकच आहेत: १ आणि २.

इथे एक अडचण आली, ती काकांनीच दाखवली. ब म्हणजे ठिपके १-२. ल म्हणजे १-२-३. प म्हणजे १-२-३-४. बीड, लातूर, परभणी! एकेका ठिपक्याचाच फरक. वापरून परभणीचा चौथा ठिपका दबला, की ते लातूर होतं, आणि लातूरचा तिसरा दबला, की बीड. काका म्हणाले, "अक्षरं दोन-दोन टाका की." तसंच केलं, जिल्ह्याच्या नावातली पहिली दोन व्यंजनं घेतली: बड, लत, परभणीचं पर. तीन घरं झाली, पण गोंधळ संपला. असं माझ्या टेबलावर बसून मला जन्मात सुचलं नसतं.

ठिपके थेट पत्त्यावर टोचू नका. एक तर जाड कागदावर हात भरून येतो, आणि दुसरं म्हणजे मागच्या बाजूला खळगे उमटतात. समोरच्याला पत्ता पाठीवरून कळायला लागतो. पारदर्शक चिकट प्लास्टिक घ्या, त्यावर ब्रेल पाटी आणि स्टायलसने (ठिपके टोचायच्या टोचणीने) ठिपके काढा, पट्ट्या कापा आणि समोरच्या बाजूला चिकटवा. खालचं छापील तसंच दिसत राहतं. पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहायचं असतं, कारण ठिपके दुसऱ्या बाजूने उठतात; पहिल्यांदा लिहिणाऱ्यांचं इथेच चुकतं. पट्टी वर डावीकडे एक आणि तिरकस खाली उजवीकडे, उलटी करून, दुसरी. मग पत्ता कसाही हातात येऊ दे.

ज्यांची दृष्टी उतारवयात गेली त्यांच्यातल्या अनेकांना ब्रेल येत नसतं. त्यांच्यासाठी कडेला खाचा पाडाव्यात असं आम्हालाही वाटलं होतं. पण खाच पाठीमागूनही दिसते आणि मागणीच्या खेळात हातातला जिल्हा उघडा पडतो. त्यापेक्षा फॅब्रिक पेंटचे मोठे, उंच ठिपके समोरच्या बाजूला द्या आणि आकड्यापुरतीच सोय करा. जिल्हा जोडीदाराने कानात सांगायचा.

पायरी ७: छपाई

डिजिटल छपाईचा मोठा कागद बहुतेक १३ बाय १९ इंचांचा असतो, म्हणजे सुमारे ३३० बाय ४८३ मिलिमीटर. त्यात ६३ बाय ८८ चे पत्ते आडवे पाच, उभे पाच, असे २५ बसतात. पण एका अटीवर: पत्त्याच्या कडेपर्यंत रंग न्यायचा नाही, कड पांढरी ठेवायची. रंग कडेपर्यंत नेला तर कापायला प्रत्येक पत्त्याभोवती जादा जागा सोडावी लागते आणि संख्या घटते. पांढरी कड ठेवली, की दोन कागदांत ५० पत्ते निघतात: आपले ४८, एक नियमांचा आणि एक कोरा. कोरा जपून ठेवा.

कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड आणि वर मॅट लॅमिनेशन. दुकानदार ग्लॉस सुचवेल, रंग खुलतात म्हणून. घेऊ नका. खिडकीतून ऊन आलं, की ग्लॉसचा पत्ता आरसा होतो. कोपरे गोल करून घ्या. ब्रेलच्या पट्ट्या लॅमिनेशननंतरच चिकटवायच्या, नाहीतर यंत्राच्या रुळाखाली सगळे ठिपके सपाट होतात.

पण छापखान्यात जायच्या आधी झेरॉक्सवर किमान दोन प्रवास काढा. आम्ही पहिल्यांदा घाई केली आणि गोल मोसंब्या छापून आणल्या.

पायरी ८: धरायला आणि मागायला

आत्याच्या बोटांचे सांधे दुखतात. सात पत्ते धरले, की दहा मिनिटांत हात खाली येतो. सुताराकडून ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी आणली, तिला लांबीभर, जरा मागे कललेली, ३ मिलिमीटर रुंदीची खाच पाडून घेतली. पत्ते तिच्यात उभे राहतात, पट्टी मांडीवर राहते, दोन्ही हात मोकळे. पट्टीच्या खाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी चिकटवा, म्हणजे गाडीच्या हिसक्याने सरकत नाही. सुतार लांब असेल, तर जुन्या स्लीपरच्या जाड तळाला ब्लेडने लांब चीर पाडली तरी काम भागतं. अशा आम्ही चार पट्ट्या केल्या. एकच केली असती तर ती 'आत्याची' झाली असती आणि तिला वापरायला संकोच वाटला असता. आता लेकरं त्यासाठी भांडतात.

राहिलं ऐकणं. लालपरी खड्ड्यांतून धावत असताना कुणालाच काही ऐकू येत नाही; ज्याला एरवीच कमी ऐकू येतं त्याचं काय होत असेल! तेव्हा सात-आठ इंचांची एक 'विचारपट्टी' करा. तिच्यावर आठही चिन्हं ओळीने, मोठी. मागणाऱ्याने ज्याच्याकडे मागायचं त्याच्याकडे पट्टी वळवायची, चिन्हावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं दाखवून आकडा सांगायचा. काकांसाठी तोंडाने बोलणंही चालूच ठेवायचं. बोट आणि आवाज, दोन्ही. सहासाठी आमच्याकडे मूठ दाखवतात.

नियम कागदावर लिहा, शिवाय घरातल्या स्पष्ट आवाजाच्या माणसाकडून तीन मिनिटांत बोलून घ्या आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवून ठेवा. प्रवासाच्या आधी जो तो ऐकून येतो.

पायरी ९: पुन्हा गाडीत

शेवटची परीक्षा घरातल्या पलंगावर होत नाही. बस एक, रेल्वे एक, आणि एक डाव दिवेलागणीनंतरचा, असे तीन डाव तरी काढा. पहिल्या पायरीची वही सोबत ठेवा आणि प्रत्येक जुन्या अडचणीपुढे गेली की राहिली ते लिहा. आमची एक अजून राहिली आहे: ब्रेलच्या पट्ट्यांमुळे गठ्ठा एका बाजूला फुगतो आणि पिसताना घसरतो. सध्या आम्ही पिसत नाही, पत्ते मधे पालथे पसरून सगळे मिळून कालवतो. लेकरांना तेच जास्त आवडतं.

आणि तो कोरा पत्ता. गेल्या खेपेला परतीच्या वाटेवर, पूर्णा जंक्शनवर, वाऱ्याने एक पत्ता खिडकीबाहेर नेला. काकांनी उरलेले चाचपून क्षणात सांगितलं, "हिंगोलीचा पाच गेला." पिशवीतून जाड मार्कर काढला, भाच्याने शिखर काढलं, आत्याने पाच लिहून खाली रेघ ओढली, आणि काकांनी घरी गेल्यावर त्यावर पट्टी चिकटवली. आता संचात तोच हिंगोलीचा पाच आहे.